सुमनताईंचं उरलेलं भाषण

अन्याय झाला तो सुमनताईंवर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, भर दुपारी, शेंद्र्याच्या पुढच्या एका गावात, ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात, शंभर-दीडशे माणसांच्या देखत. माणसं म्हणजे मीही त्यात आले.

पहिल्या वाक्यात हे सगळं सांगून टाकायची मला सवय आहे. मी पत्रकं लिहिते. एका लहानशा संघटनेत काम करते आणि तिथं पत्रक लिहायची जबाबदारी माझ्यावर असते. पाणी आलं नाही, पत्रक. रेशन बंद झालं, पत्रक. कोपरा सभा असेल तर आदल्या दिवशी वाटायला पत्रक. त्याचे नियम सोपे असतात. वर अन्याय कुणावर आणि कधी ते सांगायचं, खाली मागणी लिहायची, आणि मधली जागा रागानं भरायची. एक पान, एकच बाजू. समोरच्याची बाजू लिहायला पत्रकात जागा नसते, आणि खरं सांगायचं तर तशी इच्छाही नसते.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाचे अनुभव’ मागितले. माझं वय तिशीच्या आतलं, आठवणी लिहिण्याचं नाही. पण ही गोष्ट पत्रकात बसत नाही. मी तीनदा बसवून पाहिली.

कन्नडहून मी बी.ए.ला संभाजीनगरला आले तेव्हा तत्त्वज्ञान हा विषय मला चुकून मिळाला. राज्यशास्त्राच्या जागा भरल्या होत्या. काउंटरवरचा कारकून म्हणाला, “तत्त्वज्ञान घे, तिथं कोणी नसतं, पास होशील.” गावी वडलांनी विचारलं, “हे शिकून करणार काय?” ज्यांनी ज्यांनी कला शाखेचं कुठलंही पुस्तक हातात धरलंय, त्या प्रत्येकाला हा प्रश्न एकदा तरी कुणीतरी विचारलेला असतो. माझं उत्तर तयार व्हायला पुढची काही वर्षं गेली, आणि ते तयार झालं ते या खांदेमळणीच्या दिवसामुळं.

शिकवायला शेख मॅडम होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर, दखनीत विचार करायच्या आणि मराठीत शिकवायच्या, त्यामुळं दोन्हीची सरमिसळ व्हायची. तर्कशास्त्राचा तास त्या शनिवारी दुपारी घ्यायच्या आणि त्याला बाहेरची माणसंही बसलेली त्यांना चालायची. वर्गात डाव्या हाताला एक बाक भिंतीला लावून ठेवलेला होता. त्याला आम्ही विरोधाचा बाक म्हणायचो. नियम एकच. तुला काही मागायचंय, कुणाशी भांडायचंय, तर आधी त्या बाकावर जाऊन बस आणि ज्याच्याशी भांडायचंय त्याचं म्हणणं तू मांड.

“पहले सामनेवाले की बात,” मॅडम म्हणायच्या. “त्यानं स्वतः मांडली असती त्याच्याहून चांगली मांड. तो समोर बसला असता तर मान डोलावली असती, इतकी चांगली. मग ऊठ, तुझ्या जागेवर ये, आणि तुझं बोल.”

आपल्याकडं वादाची ही जुनी पद्धत आहे. समोरच्याच्या म्हणण्याला पूर्वपक्ष म्हणतात, तो आधी मांडायचा, आणि त्याला उत्तर म्हणून आपलं. मॅडम सांगायच्या, आपल्या डोंगरातल्या लेण्यांत भिक्खू राहायचे ते दिवसभर काय चित्रंच बघत होते का, ते असंच भांडायचे. दुसरा नियम ऐकणाऱ्यांसाठी होता. बोलणारा बाकावरून उठून आपल्या जागेवर येऊन, आपलं बोलून खाली बसेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. टाळीसुद्धा नाही. मला तेव्हा हा दुसरा नियम म्हणजे वर्गातली शिस्त वाटायची, गप्प बसा म्हणतात तशी.

मी संघटनेत आले आणि माझ्याबरोबर तिथली माणसंही त्या वर्गात यायला लागली. कारण आमचं अर्धं काम सुनावण्यांचं असतं. बाहेरच्यांना सांगते, सुनावणी म्हणजे काय. सरकारला रस्ता, पूल, बाजार असं काही करायचं असतं आणि लोकांना विचारल्याचं दाखवायचं असतं. मांडव पडतो. टेबलावर पाण्याच्या बाटल्या लागतात. साहेब येतात. आपण एकेकानं उठून दोन मिनिटं बोलायचं. साहेब म्हणतात, “तुमचा मुद्दा नोंदवला.” हे वाक्य आलं की समजायचं, मुद्दा मेला. आपण चिडून बोललो तर ते लवकर येतं, रडलो तर अजून लवकर.

विरोधाच्या बाकावर बसून आलेल्या माणसाला मात्र ते सहज म्हणता येत नसे. इरफानभाईंचं उदाहरण सांगते. क्रांती चौकाजवळ त्यांची फळांची गाडी. महापालिका गाड्या उठवणार होती. त्यांना बाकावर बसवलं, वाहतूक पोलीस म्हणून. पहिल्यांदा लाजले. मग अंगात आलं. “ए केळेवाले! ये सडक क्या तेरे अब्बा की है? पीछे अॅम्ब्युलन्स खडी है, अंदर किसी की मां लेटी है, और तू दर्जन का हिसाब कर रहा!” वर्गात त्यांचा सख्खा मेहुणा बसला होता, त्याचीही गाडी असायची. त्याला इतका दम दिला की तो खरंच उठून उभा राहिला.

मी म्हटलं, “इरफानभाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

“बहन, इस बेंच पे बैठा तो अपनी गाडी मेरेकोच आडवी दिखरी,” ते म्हणाले.

पालिकेच्या बैठकीत त्यांनी आधी अॅम्ब्युलन्सचं सांगितलं. साहेबांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग इरफानभाईंनी आपलं सांगितलं: गाड्या नाल्याच्या झाकणांच्या मागं घेतो, तेवढी पट्टी आम्हाला आखून द्या. तो साहेब शेवटपर्यंत थांबून ऐकत होता, यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. पट्टी आखली गेली. तिचा रंग आता उडालाय, पण गाड्या आहेत.

सुमनताई आल्या त्या माझ्याच पत्रकामुळं. त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. अंगणवाडी गावठाणात, आणि त्यांची बौद्धवस्ती मुख्य रस्त्याच्या पलीकडं. शेंद्र्याच्या कंपन्यांकडं जाणारा तो रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला. दुभाजकात एक कट ठेवला होता, माणसं जायची वाट म्हणून. सकाळी सुमनताई पलीकडून वस्तीतली लेकरं गोळा करायच्या, एकमेकांच्या सदऱ्याला धरून रांग करायच्या आणि कटातून अलीकडं आणायच्या. आता तो कट बंद करायचा प्रस्ताव होता, अपघात होतात म्हणून. कट बंद झाला तर वळसा घालून यायला लांबच्या चौकापर्यंत जावं लागणार होतं. तीन-चार वर्षांच्या लेकरांना घेऊन.

आम्ही त्यांना वर्गात आणलं. त्यांनी बाकावर बसून ट्रकचा ड्रायव्हर केला. त्यासाठी आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर जाऊन एका ड्रायव्हरला विचारून आल्या होत्या.

“काय विचारलंत?” मॅडमनी विचारलं.

“म्हणलं, भाऊ, आमच्या लेकरांचा तुला राग का येतो?”

“मग?”

“तो म्हणला, राग नाय माय, भ्या वाटतं.”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “ये लिखो,” त्या आम्हाला म्हणाल्या.

हे झालं आणि त्याच सुमारास कॉलेजातला तत्त्वज्ञानाचा विभाग बंद झाला. दुष्टपणानं नाही, विद्यार्थी नाहीत म्हणून. माझ्या मागून दरवर्षी विषय घेणारे कमी होत गेले होते. मुलं कंपनीत नोकरी देईल ते शिकत होती, त्यांचं काय चुकलं? प्राचार्यांनी मॅडमना काढलं नाही, तेवढी माणुसकी दाखवली. त्यांना ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिकवायला दिलं. आता त्या शेंद्र्याच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना खुर्चीत कसं बसायचं ते शिकवतात. विरोधाचा बाक कँटीनच्या मागं पावसात पडलेला मी पाहिला. शनिवारचा वर्ग बंद झाला. आमच्या संघटनेत कुणी त्यावर पत्रक काढलं नाही. मीही नाही. पाण्याचं आंदोलन चालू होतं. अन्याय ओळखायला शिकवणारी खोली बंद होणं हा अन्याय आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सुनावणीचा दिवस नेमका खांदेमळणीचा ठेवला होता. अर्धे पुरुष बैल घेऊन नदीला. उरलेल्यांचं लक्ष घड्याळाकडं. साहेब सुरुवातीलाच म्हणाले, “लोकांना बैल धुवायचेत, सण आहे, आटपतं घेऊ.” माणसं उठली, चिडून बोलली. नोंदवलं, नोंदवलं. मग सुमनताई उठल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात माईक दोन्ही हातांनी धरलेला.

“साहेब, आधी मी डायवरची बाजू सांगते,” त्या म्हणाल्या. “कट धोक्याचा हाय, हे खरंय. लोखंडानं भरलेली गाडी एकदम थांबत नाय. डायवरला आमच्या लेकरांचा राग नाय, त्याला भ्या वाटतं. बिरेक मारला तर मागचा येऊन धडकतो. कंपनीची बस उशिरा पोचली तर माणसाचा खाडा पडतो, आन तो माणूस बी आपल्याच गावचा ऱ्हातो. म्हणून कट बंद करा म्हणणारी माणसं वाईट नायत...”

मांडव शांत झाला होता. मला आनंद झाला. मला वाटलं, झालं, पकडलं हिनं सगळ्यांना. त्यांनी श्वास घेतला. बाकावरून उठून आपल्या जागेवर यायला लागतो, तेवढा तो श्वास.

तेवढ्यात साहेब म्हणाले, “वा, ताई! अगदी योग्य मुद्दा मांडलात. आम्हीही हेच सांगतोय. टाळ्या वाजवा यांच्यासाठी.”

टेबलाकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सुमनताईंच्या हातातून माईक घेतला.

“साहेब, माझं अजून...”

“नोंदवलं ताई, नोंदवलं. बसा.”

मी उभी राहिले. ओरडलेच. “त्यांचं संपलेलं नाही! ती समोरच्याची बाजू होती, त्यांची स्वतःची अजून यायचीय!”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. चिडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “मॅडम, तुम्ही बाहेरच्या. गावच्या बाईला गावचं बोलू द्या की.”

त्या माणसाला मी खलनायक करू शकत नाही, प्रयत्न करून पाहिला. त्याला खरंच वाटलं की बाईचं बोलून झालं. आधी दुसऱ्याचं आणि मग आपलं, असं बोलायची काही रीत असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो जिथं शिकला तिथं असला बाक नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, माईक घेणाऱ्याला नव्हतं. मांडवात शंभर-दीडशे माणसं, आणि ते भाषण अर्धं आहे हे कळलेली आम्ही दोघीच. एक बोलणारी आणि एक बाहेरची.

इतिवृत्तात आलं: स्थानिक महिला प्रतिनिधींनी कट बंद करण्यास अनुकूलता दर्शवली.

पण त्याहून वाईट संध्याकाळी झालं. भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता, श्वास घेतात तिथपर्यंतचा, आणि टाळ्या. खाली लिहिलं होतं, ‘बघा, आपल्याच बाईनं वस्ती विकली.’ पोळ्याच्या दिवशी तो गावभर होता. दोन दिवसांत तालुक्यात. आमच्याच संघटनेच्या एका मित्रानं मला तो पाठवला आणि विचारलं, “ही कोण गं फुटलेली?”

मी इतिवृत्त दुरुस्त करा म्हणून अर्ज दिला. उत्तर आलं, नोंदी अंतिम आहेत. मी पत्रक काढलं. वर अन्याय, खाली मागणी. वस्तीत वाटायला गेले तर एका म्हाताऱ्यानं ते न वाचता घडी घातली आणि त्यावर तंबाखू मळली. “तू बी त्यातलीच व्हय?” एवढंच म्हणाला.

मॅडमकडं गेले. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला होता. म्हणाल्या, “क्लासमध्ये सगळे थांबायचे ना वैशाली. म्हणून चालायचं ते.” पुढं म्हणाल्या, “मला वाटायचं, आपली मुलं बाहेर जातील. कोणी साहेब होईल, कोणी पेपरात जाईल, कोणी मास्तर. मांडवात चार जण तरी असतील थांबणारे. औरंगाबाद इतना बडा शहर है.”

मला वडलांचा प्रश्न आठवला. हे शिकून करणार काय. थांबणार, बाबा. माणसाचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत थांबणार. आणि मांडवात अशी चार माणसं नसली की काय होतं, ते शेंद्र्याच्या पुढं जाऊन बघून या.

कट बंद झाला. सिमेंटचे ठोकळे टाकले. वस्तीतल्या बाया आता सुमनताईंच्या हाती लेकरं देत नाहीत. काही लेकरं घरीच असतात, काहींना मोठी भावंडं ठोकळ्यावरून उचलून अलीकडं उतरवतात. सुमनताई सकाळी तरीही रस्त्यापर्यंत जातात. हातात अंगणवाडीच्या खिचडीचा डबा असतो. ठोकळ्याच्या अलीकडून तो पुढं करतात. कुणी घेतं, न बोलता. कुणी घेत नाही.

वस्तीतल्या विहारात वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. कितीतरी वर्षं ते सुमनताई करायच्या. सावकाश वाचायच्या, प्रश्न आला की थांबायच्या, आणि उत्तर वाचायच्या आधी समोरच्यांकडं एकदा बघायच्या. गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतर कुणी त्यांना नको म्हणालं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा पाटावर दुसरा कुणीतरी बसलेला होता. यंदाही तोच वाचतो. भरभर वाचतो. सुमनताई दाराशी बसतात. यंदा मी एकदा गेले होते. लोक मध्येच उठत होते, मोबाईल बघत होते. त्या हात जोडून शेवटच्या ओळीपर्यंत बसल्या होत्या.

वाचन संपल्यावर मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले. म्हटलं, “ताई, अंकात लिहायचंय. तुमच्यावर जे झालं ते. तुम्ही सांगा, मी जसंच्या तसं लिहिते. दोन मिनिटं नाही, हवं तेवढं बोला.”

ओट्यावर बसल्या.

“त्यांचं बी बघ की,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत आपल्या माणसाला दरवेळी कुणीतरी विकत घेतलंच की नाय? मग यांनी मोबाईलवर बघितलं, बाई साहेबाच्या बाजूनं बोलायली, साहेब टाळ्या वाजवायलाय. त्यांनी काय समजावं? लेकरं त्यांची हायत. भ्या त्यांना बी वाटतं. माझ्या जागी दुसरी असती तर मी बी तिच्या हाती लेकरू दिलं नसतं. त्यांचं चुकलं असं नाय म्हणता येत.”

आणि थांबल्या.

मी ओळखलं. हा पूर्वपक्ष. उत्तम मांडला होता, ती माणसं समोर असती तर त्यांनी मान डोलावली असती. मी वाट बघत राहिले. आता उठतील, आपल्या जागेवर येतील, आपलं बोलतील.

“मग, ताई?” मी शेवटी म्हटलं. “आता तुमचं?”

“माझं काय,” त्या म्हणाल्या. “एवढंच.” आणि डबा घासायला मोरीकडं गेल्या.

तुम्हाला कळतंय ना काय झालंय? ज्या बाईनं ड्रायव्हरची भीती ड्रायव्हरहून चांगली सांगितली, तिच्याजवळ तिची स्वतःची बाजू उरलेली नाही. ती आपण काढून घेतली. आधी मांडवात, आणि मग मोबाईलवर पुन्हा पुन्हा.

तिचं उरलेलं भाषण मला पाठ आहे, कारण वर्गात तिनं ते माझ्यासमोर केलं होतं. ते असं होतं:

“डायवरला भ्या वाटतं, म्हणून कट बंद करू नका, गाडी हळू करा. कटाच्या आधी रस्त्यावर उंचवटे टाका. कट बंद केला तरी लेकरं यायचीच, पण मग ती ठोकळ्यावरून उडी मारून येतील, आन डायवरला दिसायची बी नायत. आत्ता रांगेत येत्यात तर दिसतात. सकाळी एक माणूस तिथं उभा करा. माणूस नसंल तर मी उभी ऱ्हाते. मला फक्त एक शिट्टी द्या.”

एवढंच होतं. अर्ध्या मिनिटाचं.

आता मागणी. तो व्हिडिओ तुमच्यापैकी कुणाच्या तरी फोनमध्ये आहे. ज्याला ज्याला पाठवलात त्या प्रत्येकाला सांगा की हे अर्धं आहे, आणि वरचं उरलेलं त्याला वाचून दाखवा. मग सुमनताईंना बोलवा. तुमच्या मंडळात, शाळेत, सोसायटीत, विहारात, कुठंही. त्या आधी तुमची बाजू मांडतील. टाळ्या वाजवू नका. माईक घेऊ नका. त्यानंतर त्या गप्प होतील, कदाचित बराच वेळ गप्प राहतील.

तेव्हा उठून जाऊ नका. त्या आपलं बोलेपर्यंत बसून राहा.